आणीबाणीचा बूट पेनड्राइव्ह: आपल्याच सर्व्हरला लागू पडेल असा कसा करावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली चालणारा सर्व्हर आहे. त्यात दोन डिस्कांची सॉफ्टवेअर रेड-१ जोडी, म्हणजे दोन्हींवर एकसारखा मजकूर, आणि त्या जोडीवर एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा लवचीकपणे विभागणारी व्यवस्था, आहे. गेल्या महिन्यात वीज गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या टिकल्या नाहीत, आणि वीज परतल्यावर सर्व्हर ‘इनिटरॅमएफएस’ हा शब्द दाखवून काळ्या पडद्यावर थांबला. आपण घरून डेबियनची इमेज, म्हणजे संपूर्ण प्रणालीची एकसंध फाइल, उतरवलेला पेनड्राइव्ह आणला, पण तो आपल्या लॅपटॉपवर चालू होतो आणि सर्व्हरवर होत नाही. बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञांनी दहा मिनिटांत काम केले, मात्र काय केले ते सांगितले नाही. आता आपल्याला आणीबाणीची बूट डिस्क तयार करून कपाटात ठेवायची आहे, ती कायमची पुरेल का हे जाणून घ्यायचे आहे, आणि फ्रीबीएसडी या युनिक्स-कुळातील प्रणालीवर चालणाऱ्या फायरवॉललाही तीच चालेल का, असेही आपण विचारले आहे.

मी गेली वीस-बावीस वर्षे युनिक्स आणि लिनक्सचे सर्व्हर सांभाळतो, आणि या अनुभवावरून प्रथम प्रश्नाचीच मांडणी थोडी बदलू इच्छितो. बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे आणि त्याची कृती कुठेही मिळते. अडते ते पुढे: त्या पेनड्राइव्हवरून हाच सर्व्हर चालू होतो का, चालू झाल्यावर त्याला या सर्व्हरच्या डिस्का, रेडची जोडी आणि एलव्हीएम ओळखता येतात का, आणि त्या ओळखल्यावर कोणते पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, कशाचे हे समोर बसलेल्या माणसाला ठाऊक असते का. या तिन्हींची उत्तरे आधी, शांतपणे, त्याच सर्व्हरवर मिळवलेली असतील तरच कपाटातल्या वस्तूला आणीबाणीची डिस्क म्हणता येईल. आपल्याकडे जो पेनड्राइव्ह होता तो पहिल्याच पायरीवर अडला, आणि हे अडचणीच्या दिवशी कळले. (या उत्तरात कमांडची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत, टंकताना ती अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्यावी लागतात.)

पूर्वी हा प्रश्न वेगळ्या रूपात होता, आणि त्यातला एक धागा आजही उपयोगी आहे. फ्लॉपीच्या काळात सगळे १.४४ एमबीमध्ये बसवावे लागे. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये बिझीबॉक्स लिहिले ते याच अडचणीतून: डेबियनच्या बचाव आणि स्थापना फ्लॉपीवर आवश्यक कमांडचा संपूर्ण संच एकाच लहान प्रोग्रॅममध्ये मावावा म्हणून. त्या वेळी आम्ही बूट फ्लॉपी त्या-त्या संगणकावर बसूनच करत असू. रेड हॅट लिनक्समध्ये त्यासाठी ‘एमकेबूटडिस्क’ नावाची कमांड होती, ती त्या क्षणी चालू असलेला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, फ्लॉपीवर उतरवत असे. हाताने करायचे तर कर्नल फ्लॉपीवर लिहून ‘आरडीईव्ही’ने त्यात मूळ पार्टिशनचे नाव कोरावे लागे. काम किचकट होते, पण फ्लॉपी तयार झाली म्हणजे तिच्यात त्या संगणकाचा कर्नल, त्याच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि मूळ पार्टिशनचा पत्ता हे तिन्ही आपोआप आलेले असत. पुढे सीडीवरूनच चालणाऱ्या नॉपिक्ससारख्या प्रणाली आल्या, मग पेनड्राइव्हवर मावणाऱ्या संपूर्ण प्रणाली आल्या, आणि बूट डिस्क कोणत्याही संगणकाला चालेल अशी सर्वसामान्य झाली. सोय मोठी झाली, परंतु त्या विशिष्ट संगणकाची माहिती मात्र डिस्कवरून नाहीशी झाली. ती माहिती आता आपल्याला स्वतंत्रपणे जपावी लागते, आणि बहुतेक जण नेमके तेच विसरतात.

आता आपल्या त्या दिवसाकडे वळू, कारण माझ्या अंदाजाने त्या दिवशी पेनड्राइव्हची गरजच नव्हती. संगणक सुरू होताना चार टप्पे एकामागून एक येतात: मदरबोर्डवरचे फर्मवेअर, मग ग्रब हा बूटलोडर, मग कर्नल आणि त्याच्याबरोबर स्मृतीत उलगडणारी इनिटरॅमएफएस ही छोटी तात्पुरती प्रणाली, आणि शेवटी डिस्कवरची मूळ फाइल सिस्टीम. कंसातला ‘इनिटरॅमएफएस’ हा शब्द दिसला याचा अर्थ पहिले तीन टप्पे सुखरूप पार पडले होते आणि चौथ्याच्या उंबरठ्यावर गाडी अडली होती. तिथे ‘एक्झिट’ टंकून एंटर दाबले की डेबियन अडण्याचे कारण पुन्हा दाखवतो. मूळ फाइल सिस्टीम हाताने तपासण्याची गरज आहे असा संदेश असेल आणि पार्टिशनचे नाव दिलेले असेल, तर त्याच ठिकाणी त्या नावासह ‘एफएससीके’ ही फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवता येते. वीज अचानक गेल्यानंतर बहुधा हेच घडते, आणि दहा मिनिटांत झालेले काम बहुधा हेच असावे. याउलट, अमुक यूयूआयडी (म्हणजे पार्टिशनचा एकमेव ओळख-क्रमांक) अस्तित्वात नाही असा इशारा असेल, तर डिस्क सापडलेली नाही, रेडची जोडी जुळलेली नाही किंवा एलव्हीएम जागे झालेले नाही. तो प्रकार अधिक गंभीर असतो आणि तिथे बाहेरील डिस्क उपयोगी पडते.

दुसरा नेहमीचा प्रकारही इथेच सांगतो. कर्नल अद्ययावत केल्यानंतर सर्व्हर उठला नाही, तर ग्रबच्या यादीत प्रगत पर्यायांखाली आधीचा कर्नल असतो. तो निवडून पाहावा. बूटचे स्वतंत्र पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरून गेले आणि नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल अर्धवट लिहिली गेली, असे मी अनेक कार्यालयांत पाहिले आहे. त्या यादीत ‘रिकव्हरी’ असाही पर्याय असतो, पण त्याला रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या खात्याचा, पासवर्ड लागतो. स्थापनेच्या वेळी आपण तो रिकामा ठेवला असेल तर रूटचे खाते बंद असते आणि हा मार्ग मिळत नाही. आपला सर्व्हर यांपैकी कोणत्या गटात आहे हे आजच पाहून ठेवा.

आता पेनड्राइव्ह. कोणती इमेज घ्यावी हे परिस्थितीवर अवलंबून आहे. ज्याला लिनक्सची सवय बेताची आहे आणि सर्व्हर डेबियनचाच आहे, त्याला मी डेबियनची नेहमीची छोटी स्थापना-इमेज सुचवतो, कारण तिच्या प्रगत पर्यायांत बचाव पद्धत असते. ती भाषा आणि कळफलक विचारते, रेड आणि एलव्हीएम जुळवायला मदत करते, मूळ पार्टिशन कोणते ते यादीतून निवडू देते, आणि मग त्या प्रणालीच्या आतले शेल, म्हणजे कमांड टंकण्याची जागा, उघडून देते किंवा ग्रब पुन्हा बसवून देते. घाबरलेल्या माणसाला दहा कमांड आठवाव्या लागत नाहीत, हा तिचा मोठा गुण. मात्र डिस्कच बिघडत चालली असेल तर ती अपुरी पडते. त्यासाठी आर्च लिनक्सवर आधारलेली सिस्टीमरेस्क्यू किंवा डेबियनची लाइव्ह (स्थापना न करता थेट चालणारी) इमेज बरी, कारण तिथे तपासणीची आणि डिस्क वाचवण्याची साधने हाताशी असतात किंवा सहज घालता येतात. मी स्वतः दोन्ही ठेवतो, दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर. एकाच पेनड्राइव्हवर अनेक इमेज ठेवणारी व्हेंटॉयसारखी साधने सोयीची आहेत आणि मीही वापरतो, पण सर्व्हरच्या कपाटात ठेवायच्या वस्तूत मधला थर जितका कमी तितके बरे, असे माझे मत आहे. सर्व्हर ६४ बिटांचा असेल तर इमेजही ६४ बिटांचीच हवी. ३२ बिटांच्या कर्नलखाली ६४ बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि दुरुस्तीच्या ऐन मध्यावर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ असा अगम्य संदेश येऊन सगळे ठप्प होते.

इमेज उतरवल्यावर तिची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे ताडण्याचा सांकेतिक आकडा, संकेतस्थळावरच्या बेरजेशी ताडून पाहावी. नंतर पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी एकदा आणि लावल्यावर एकदा ‘एलएसबीएलके’ ही डिस्कांची यादी दाखवणारी कमांड चालवावी. दुसऱ्या वेळी जे नाव नव्याने दिसेल तोच आपला पेनड्राइव्ह. त्याचे एकही पार्टिशन माउंट झालेले, म्हणजे वापरासाठी जोडलेले, नसावे. ‘डीडी’ या जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या कमांडने इमेज लिहिताना संपूर्ण डिस्कचे नाव द्यावे, शेवटी अंक असलेल्या पार्टिशनचे नव्हे, आणि मजकूर खरोखर पेनड्राइव्हवर पोहोचेपर्यंत कमांड थांबेल असा ‘एफसिंक’चा पर्याय जोडावा. ‘डीडी’ काहीही विचारत नाही. दिलेल्या नावावर ती मुकाट्याने लिहीत सुटते. अनेक वर्षांपूर्वी माझ्या हातून एका सहकाऱ्याच्या बाह्य डिस्कवर इमेज लिहिली गेली, कारण दोन उपकरणे एकदम लावलेली होती आणि नावातले एक अक्षर मी गृहीत धरले होते. त्यातली छायाचित्रे परत मिळाली नाहीत. तेव्हापासून मी ‘डेव्ह’ निर्देशिकेच्या ‘डिस्क’ या उपनिर्देशिकेतील ‘बाय-आयडी’खाली असलेले, पेनड्राइव्हची बनावट आणि क्रमांक दाखवणारे लांब नावच वापरतो. लिहून झाल्यावर ‘सीएमपी’ला इमेजची लांबी बाइटमध्ये देऊन इमेज आणि पेनड्राइव्ह यांची तुलना करावी. स्वस्त पेनड्राइव्ह कधी कधी लिहिल्याचे सांगतात आणि परत वाचताना वेगळेच देतात, ते इथे उघडकीस येते.

आपला पेनड्राइव्ह लॅपटॉपवर चालला आणि सर्व्हरवर नाही, याचे कारण बहुधा फर्मवेअरमध्ये आहे. जुन्या बायोस पद्धतीत संगणक डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो आणि त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटमधला कोड चालवतो. यूईएफआय पद्धतीत तो फॅट फाइल सिस्टीमचे एक पार्टिशन शोधतो आणि काढता येण्याजोग्या माध्यमावर ‘ईएफआय’ निर्देशिकेतील ‘बूट’ या उपनिर्देशिकेत ठरावीक नावाची फाइल पाहतो. डेबियनची मूळ इमेज दोन्ही पद्धतींना चालेल अशी असते. परंतु विंडोजमधल्या काही साधनांनी ती पेनड्राइव्हवर उतरवताना फाइली उलगडून नव्याने रचल्या तर दोहोंपैकी एकच पद्धत उरते, आणि मग लॅपटॉपवर चालणारी वस्तू सर्व्हरवर दिसतच नाही. म्हणून अशा साधनात ‘डीडी’सारखी जशीच्या तशी नक्कल करण्याचा पर्याय असेल तर तोच निवडावा. याशिवाय सर्व्हरच्या फर्मवेअरमध्ये यूएसबीवरून बूट करणे बंद ठेवलेले असू शकते, त्या मांडणीवर पासवर्ड असू शकतो आणि तो मागच्या कर्मचाऱ्याबरोबर निघून गेलेला असू शकतो. सिक्युअर बूट, म्हणजे मान्य स्वाक्षरी असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय, चालू असेल तर स्वाक्षरी नसलेली बचाव-इमेज नाकारली जाते. स्वाक्षरी असलेली इमेजही जुनी झाली की नाकारली जाऊ शकते: ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्यतनाने जुने शिम, म्हणजे सिक्युअर बूटखाली लिनक्स सुरू करणारे स्वाक्षरीचे पहिले बूटलोडर, नाकारणारी नोंद फर्मवेअरमध्ये घातली, आणि विंडोज व लिनक्स शेजारी शेजारी असलेल्या अनेक संगणकांवर जुने लिनक्स पेनड्राइव्ह चालेनासे झाले.

इथे एक बारीक मुद्दा आहे ज्यावर मी नेहमी थांबतो. आपली प्रणाली कोणत्या पद्धतीने उठते हे आधी पाहावे: चालू सर्व्हरवर ‘सिस’ निर्देशिकेतील ‘फर्मवेअर’खाली ‘ईएफआय’ ही उपनिर्देशिका असेल तर यूईएफआय, नसेल तर बायोस. पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने उठला पाहिजे. सर्व्हर यूईएफआयचा असताना पेनड्राइव्ह बायोस पद्धतीने उठवला तर बाकी सर्व कामे होतात, पण ग्रब पुन्हा बसवताना फर्मवेअरमधली बूट-नोंद लिहिता येत नाही, आणि तासभर खपूनही कारण सापडत नाही. बूटच्या यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो तो याचसाठी. सर्व्हर यूईएफआयचा असेल तर त्यातली यूईएफआय लिहिलेली ओळ निवडावी.

पेनड्राइव्ह उठतो एवढ्याने पहिला प्रश्न सुटला. यानंतरचा भाग म्हणजे सर्व्हरची माहिती, जी पूर्वी फ्लॉपीबरोबर आपोआप येत असे. सर्व्हर धडधाकट असताना प्रत्येक डिस्कचा पार्टिशन तक्ता ‘एसएफडिस्क’च्या ‘डंप’ पर्यायाने फाइलमध्ये काढावा. ‘एलएसबीएलके’चे फाइल सिस्टीम आणि यूयूआयडी दाखवणारे रूप, ‘इटीसी’ निर्देशिकेतील एफएसटॅब (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे ते सांगणारी फाइल), रेडची मांडणी सांगणारी एमडीएडीएम या रेडच्या साधनाची फाइल, आणि यूईएफआय असेल तर ‘ईएफआयबूटएमजीआर’ने मिळणारी फर्मवेअरमधल्या बूट-नोंदींची यादी हेही घ्यावे. एलव्हीएमच्या मांडणीची नक्कल प्रणाली स्वतःच ‘इटीसी’मध्ये ठेवते, पण ती त्याच एलव्हीएमच्या आत असते, म्हणजे कुलपाची किल्ली त्याच पेटीत बंद. ‘व्हीजीसीएफजीबॅकअप’ने तिची प्रत बाहेर काढावी. एक्स्ट-४ फाइल सिस्टीमच्या सुपरब्लॉकच्या, म्हणजे तिच्या रचनेची मूळ माहिती असलेल्या भागाच्या, पर्यायी प्रती कुठे आहेत हे ‘डम्पइ२एफएस’ सांगते. मुख्य सुपरब्लॉक बिघडला तर त्या क्रमांकांवाचून अडते. आपल्याकडे डिस्क कूटबद्ध केलेली नाही, पण उद्या लुक्स ही कूटबद्धीकरणाची पद्धत वापरायची ठरली तर त्याच्या शीर्षकाची प्रत घेणे अनिवार्य समजावे, कारण ते काही एमबींचे शीर्षक गेले की पासवर्ड ठाऊक असूनही माहिती उघडत नाही. आणि ती प्रत जपावीही तितकीच, कारण पासवर्ड नंतर बदलला तरी जुन्या प्रतीने जुना पासवर्ड चालतो.

हा सगळा मजकूर काही केबींचा होतो. इमेज थेट उतरवलेल्या पेनड्राइव्हवर नव्या फाइली घालणे सोपे नसते, म्हणून तो दुसऱ्या साध्या पेनड्राइव्हवर ठेवावा, आणि एफएसटॅब व पार्टिशनांची यादी एवढी दोन पाने छापून सर्व्हरच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावीत. मध्यरात्री पंख्याच्या आवाजात उभे राहून काम करताना छापील कागदाचा जो आधार वाटतो तो मी अनेकदा अनुभवला आहे.

मग रंगीत तालीम. एखादा रविवार किंवा सुट्टीतला दिवस निवडा, आधी माहितीची नेहमीची प्रत पूर्ण झाली आहे याची खात्री करा, सर्व्हर रीतसर बंद करा आणि पेनड्राइव्हवरून उठवा. पहिल्या वेळी सिस्टीमरेस्क्यू किंवा लाइव्ह इमेज वापरून सगळे हाताने करावे, म्हणजे बचाव पद्धत पडद्याआड काय करते ते कळते. डिस्का दिसतात का ते पाहा. ‘एमडीएडीएम’ला केवळ वाचनाच्या पर्यायासह जोडी जुळवायला सांगा. इथे जोडीचे नाव नेहमीच्या शून्य किंवा एकऐवजी एमडी-१२७ असे आलेले दिसेल. त्याने गोंधळू नका, कारण पेनड्राइव्हवरच्या प्रणालीला आपली मांडणी ठाऊक नसते, आणि म्हणूनच नावावर नव्हे तर यूयूआयडीवर विसंबायचे. नंतर ‘व्हीजीचेंज’ने एलव्हीएम जागे करा आणि मूळ फाइल सिस्टीम ‘एमएनटी’खाली केवळ वाचनासाठी माउंट करा. एक्स्ट-४ केवळ वाचनासाठी माउंट केली तरी कर्नल तिचा जर्नल, म्हणजे अपूर्ण बदलांची नोंदवही, पुन्हा चालवून डिस्कवर लिहितो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. खरोखर काहीच लिहायचे नसेल तर ‘नोलोड’ हा पर्यायही द्यावा लागतो. तालमीत याचे महत्त्व नाही, पण डिस्क बिघडत असताना आहे.

इथपर्यंत पोहोचलात की सर्व उतरवून पुन्हा लिहिण्याच्या परवानगीसह माउंट करा, बूटचे आणि ईएफआयचे पार्टिशन त्यांच्या त्यांच्या जागी जोडा, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ या चार निर्देशिका ‘आरबाइंड’ने आत आणा, आणि ‘सीएचरूट’ने आपल्या प्रणालीत प्रवेश करा. आता आपण पेनड्राइव्हच्या कर्नलवर उभे राहून आपल्या सर्व्हरचीच साधने वापरत आहात. खऱ्या आणीबाणीत इथूनच ‘ग्रब-इन्स्टॉल’, ‘अपडेट-ग्रब’ आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवायचे असतात. तालमीत नेटवर्क मिळते का आणि पॅकेज बसवणारी ‘एपीटी’ चालते का एवढे पाहून बाहेर पडा. एका कार्यालयात मी अशी तालीम घेतली तेव्हा पेनड्राइव्ह छान उठला, पण डिस्कांची यादी रिकामी आली. सर्व्हरमधल्या रेड कार्डाचा ड्रायव्हर त्या जुन्या इमेजमध्ये नव्हता. नवी इमेज आणून तासाभरात प्रश्न मिटला. हेच बिघाडाच्या दिवशी कळले असते तर तो दिवस वाया गेला असता.

आपल्या रेड-१ जोडीबद्दल एक वेगळी सूचना द्यायला हवी, कारण तिच्यामुळे खोटा दिलासा मिळतो. माहिती दोन्ही डिस्कांवर असते, पण बूटलोडर तसा असेलच असे नाही. बायोस पद्धतीत ग्रब पहिल्याच डिस्कवर बसवलेला असेल आणि नेमकी तीच डिस्क गेली, तर माहिती सुरक्षित असूनही सर्व्हर उठत नाही. ‘ग्रब-पीसी’ हे पॅकेज पुन्हा मांडायला घेतले तर ते कोणत्या डिस्कांवर बसवायचे हे विचारते. तिथे दोन्ही निवडाव्यात. यूईएफआय पद्धतीत ईएफआयचे पार्टिशन सहसा जोडीबाहेर असते, म्हणून दुसऱ्या डिस्कवरही तसे पार्टिशन ठेवून त्यातला मजकूर उतरवावा आणि फर्मवेअरमध्ये त्याची दुसरी नोंद करावी. तालमीच्या दिवशी एकेक डिस्कची केबल काढून सर्व्हर दुसरीवर एकटीवर उठतो का हे पाहता आले तर फारच उत्तम. परत लावल्यावर जोडी पूर्ण जुळेपर्यंत मात्र दुसरी केबल काढू नये.

दुरुस्तीच्या वेळी पहिला हात कशाला लावायचा, याबद्दल मी फार आग्रही आहे. ‘एफएससीके’ चालवण्याआधी ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची प्रकृती पाहा. वाईट सेक्टरांची संख्या वाढत असेल किंवा डिस्क खटखट आवाज करत असेल, तर तिच्यावर दुरुस्ती करू नका, कारण ‘एफएससीके’ डिस्कवर बरेच लिहिते आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेसुरलेही घालवणे. तेव्हा ‘डीडीरेस्क्यू’ने, नकाशा-फाइल देऊन, संपूर्ण डिस्क दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवा, नकाशा-फाइलमुळे काम मध्येच थांबले तरी जिथे राहिले तिथून पुढे जाते. डेबियनमध्ये त्या पॅकेजचे नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे. डिस्क धडधाकट असेल तर आधी ‘एफएससीके’ केवळ पाहण्याच्या ‘एन’ या पर्यायासह चालवा आणि काय काय बदलणार आहे ते वाचा, मग प्रत्यक्ष चालवा. माउंट असलेल्या फाइल सिस्टीमवर कधीही नाही. फाइल सिस्टीम एक्सएफएस असेल तर ‘एफएससीके’ यशस्वी झाल्यासारखी लगेच परत येते, पण तिने काहीच केलेले नसते. तिथे ‘एक्सएफएस-रिपेअर’ लागते, आणि त्याआधी एकदा माउंट करून जर्नल पुरा होऊ देणे श्रेयस्कर.

एकदा केलेला पेनड्राइव्ह कायमचा पुरतो का, याचे उत्तर नाही असे आहे. फर्मवेअर जुन्या बूटलोडरला नाकारू शकते हे वर आलेच. फाइल सिस्टीमही पुढे सरकतात: २०२३ मध्ये आलेल्या ‘इ२एफएसप्रॉग्स’च्या १.४७.० या आवृत्तीने नव्या एक्स्ट-४ फाइल सिस्टीमसाठी काही नवी वैशिष्ट्ये आपोआप चालू केली, आणि त्यांसह तयार झालेली फाइल सिस्टीम जुन्या इमेजमधली तपासणीची कमांड ओळखत नाही, ती सरळ नकार देते. म्हणून सर्व्हरची डेबियन आवृत्ती बदलली, डिस्क बदलली किंवा मदरबोर्ड बदलला की नवी इमेज आणि नवी तालीम. एरवी वर्षातून एकदा. वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या पेनड्राइव्हमधला मजकूर हळूहळू बिघडू शकतो, म्हणून दोन वेगळ्या बनावटीचे पेनड्राइव्ह ठेवावेत आणि वार्षिक तालमीत दोन्ही पुन्हा लिहावेत.

फ्रीबीएसडीच्या फायरवॉलसाठी लिनक्सचा पेनड्राइव्ह मी वापरणार नाही. तिथे फाइल सिस्टीम यूएफएस किंवा झेडएफएस असते. यूएफएसवर लिनक्समधून लिहिणे विश्वासार्ह नाही, आणि बूटलोडरही निराळा असतो. फ्रीबीएसडीच्या संकेतस्थळावर ‘मेमस्टिक’ नावाची इमेज मिळते, ती स्थापनेची असली तरी तिच्यातच लाइव्ह प्रणालीचा पर्याय असतो. फायरवॉलवर जी आवृत्ती आहे तीच किंवा तिच्या पुढची घ्यावी. झेडएफएस असेल तर पूल, म्हणजे त्याचा डिस्कांचा समूह, वेगळ्या मुळाखाली, म्हणजे ‘एमएनटी’खाली, आयात करावा, नाहीतर त्याच्या फाइल सिस्टीम चालू लाइव्ह प्रणालीवरच येऊन बसतात. आणि ‘झेडपूल अपग्रेड’ करताना डिस्कवरचा बूट कोड आधी अद्ययावत करायला विसरू नका. पूल नवा आणि बूट कोड जुना अशी स्थिती आली की पुढच्या सुरुवातीला फायरवॉल उठत नाही, आणि मी हाताळलेल्या फ्रीबीएसडीच्या बूट-अडचणींत हे कारण सर्वांत जास्त वेळा निघाले आहे.

शेवटी पेनड्राइव्हला लावायची चिठ्ठी. कोणती इमेज आणि तिची आवृत्ती, कोणत्या सर्व्हरसाठी, सर्व्हरवर बूटची यादी कोणत्या कळीने उघडते, यादीतली कोणती ओळ निवडायची आणि पेनड्राइव्ह पुढच्या पोर्टात लावायचा की मागच्या, शेवटची तालीम कोणत्या तारखेला आणि कोणी घेतली. फर्मवेअरचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहू नका, तो ग्रंथपालांकडे बंद पाकिटात ठेवा आणि पाकीट कुठे आहे एवढेच चिठ्ठीवर लिहा. तालमीत एखादी पायरी अडली तर पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा लिहून कळवा, त्यावरून पुढचे सांगता येईल.